बहिणीसारखीच जाळी

कोकिळाबाईची पिठाची गिरणी धुळ्याला देवपुरात होती. नवरा गिरधर नरडाण्याच्या एका कारखान्यात फिटर. तो सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा, त्यामुळे गिरणी सगळी तिच्याच अंगावर. गव्हाचे डबे उचलायचे, कळण्याच्या भाकरीच्या पिठासाठी ज्वारी-उडीद वरच्या तोंडात ओतायची, पट्टा सरकला की बसवायचा. मुलं मोठी होऊन पुण्याकडे नोकरीला लागली तरी तिनं गिरणी सोडली नाही.

पन्नाशी ओलांडल्यावर तिचं अंग बाहेर येऊ लागलं. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी खाली काहीतरी लोंबतंय असं वाटायचं. शिंक आली की लघवी निसटायची. ती जुन्या लुगड्याची घडी घ्यायची आणि कामाला लागायची. तिच्या आईनं, धुरपदाबाईनं, जन्मभर हेच केलं होतं. आई म्हणायची, "बाईना जल्मले हाई शेच." बाईच्या जन्माला हे असतंच, असं कोकिळाही धरून चालली होती. गिरधरला तिनं कधी काही सांगितलं नाही.

तिची धाकटी बहीण चंद्रकला जळगावला दिली होती. तिच्या नवऱ्याची, प्रेमराजची, डाळमिल होती, मेहरूणकडे घर होतं. तसं पाहिलं तर दोघी बहिणींचं कधी भांडण झालं नव्हतं. पण कोकिळाच्या घरात जे जे आलं ते चंद्रकलाच्या घरात आधी येऊन गेलेलं असायचं. गॅस, फ्रिज, वॉशिंग मशीन, सून. वयानं कोकिळा मोठी आणि बाकी सगळ्यात धाकटी. शेवटची वर्षं आई चंद्रकलाकडे राहिली आणि तिथंच गेली. त्या वेळी एरंडोलजवळच्या त्यांच्या गावात जो तो म्हणाला, लेकीनं आईला सांभाळलं हो. तेव्हा लेक म्हणजे चंद्रकला. कोकिळानं सासूला आणि सासऱ्याला दोघांनाही सांभाळलं होतं, त्याचं कोणी नाव काढलं नाही.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, दोघी भावाकडे, तोतारामकडे, गेल्या. दुपारी अंगणातल्या निंबाच्या झाडाला झोका बांधला. पोरीबाळी झोका घेत होत्या आणि त्यांच्यात चंद्रकला फळीवर उभी राहून, गुडघे वाकवून जोर देत होती. साडी फुगत होती. कोकिळा ओट्यावर मांडी आवळून बसली होती. सकाळपासून पुरण वाटून तिच्या ओटीपोटात जडपणा आला होता.

"तुला काय भीती नाही का गं?" चंद्रकला खाली उतरल्यावर तिनं विचारलं. "या वयात आपटलीस म्हणजे?"

चंद्रकला हसली आणि तिला घरात घेऊन गेली. माजघरात कोणी नव्हतं. "अक्का, आता सांगते. मी ऑपरेशन करून घेतलं. गर्भपिशवी काढली होती ना पूर्वी, तर त्यानंतर अंग खाली यायला लागलं होतं. आईचं होतं तसं. नाशिकला जाऊन जाळी बसवली."

"जाळी?"

"प्लॅस्टिकच्या धाग्याची असते. आतून आधार देते. आता मला काही म्हणजे काही होत नाही. मी तर विसरूनच गेले."

कोकिळाच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम आल्या. हिलाही तेच होतं आणि हिनं मला कधी सांगितलं नाही, ही एक. आणि दुसरी, हिचं बरंही झालं. आईनं दोघींना सारखं असं एकच दिलं होतं, हे दुखणं. त्यातूनही चंद्रकला आधी सुटली. कोकिळा "बरं झालं बाई" म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आवरू लागली. स्वतःचं तिनं काहीच सांगितलं नाही.

धुळ्याला परतल्यावर आठवडाभर ती धुमसत राहिली. मग एका दुपारी गिरणीला कुलूप लावून सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरबाई मध्यम वयाच्या, बोलायला सरळ. त्यांनी तपासलं, रक्तातली साखर पाहिली, दात पाहून विचारलं, "मिश्री लावता?"

"लावते."

"तुमचं अंग खाली आलंय, पण फार नाही. दोन उपाय आहेत. रबराची रिंग आत बसवू, ती काढता-घालता येते. नाहीतर टाके घालून तुमच्याच मांसाचा आधार देऊ. त्याआधी साखर आटोक्यात आणा आणि मिश्री सोडा."

"आणि जाळी?"

"जाळीची तुम्हाला गरज नाही."

"माझ्या बहिणीला बसवली."

"कुठून बसवली? पोटातून की खालून?"

ते कोकिळाला माहीत नव्हतं.

"पिशवी काढल्यावर अंग आलं असेल तर पोटातून बसवतात, दुर्बिणीनं. त्याचं वेगळं असतं. तुमच्यासारख्यांना काही ठिकाणी खालून बसवतात, ती मात्र पुष्कळ बायकांना त्रास देते. मांसातून बाहेर येते, दुखतं, रक्त जातं. काही देशांत ती बंदही झालीय. अंगात रुजली की काढायला फार कठीण. मी तुम्हाला देणार नाही."

डॉक्टरबाई समजावून सांगत होत्या, पण "मी देणार नाही" एवढंच कोकिळाच्या कानात राहिलं. फुकटच्या दवाखान्यात चांगली वस्तू कशाला देतील, असं तिच्या मनानं घेतलं. चंद्रकलाला नाशिकची जाळी आणि मला रबराची रिंग. चंद्रकलाला फोन करून विचारणं सोपं होतं. कोणत्या डॉक्टरनं केलं, कुठून केलं, सगळं तिनं सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे आपलं दुखणं सांगणं आलं, आणि तिच्या मागून चालणं आलं. कोकिळानं विचारलं नाही.

धुळ्यातच नव्या वस्तीत एक खाजगी दवाखाना होता. तिथं बाहेरगावचा सर्जन ठरलेल्या वारी यायचा. कोकिळानं त्याला सरळ सांगितलं, "मला जाळी बसवायची आहे." त्यानं तिचे कागद चाळले आणि म्हणाला, "बसवू की. एकदा बसवली की पुन्हा बघायला नको." टेबलाच्या खणातून त्यानं नमुना काढून दाखवला. पांढरी, मच्छरदाणीच्या कापडासारखी. कोकिळानं ती बोटांत धरली. इतकी हलकी वस्तू. कुठून बसवणार, त्रास झाला तर काय, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

गिरधरला तिनं तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. "एवढी वर्षं?" त्यानं विचारलं. मग म्हणाला, "कर. तुला बरं वाटत असेल तर कर."

पाऊस लागल्यावर ऑपरेशन झालं. सुरुवातीचे दिवस खरंच चांगले गेले. लोंबणं थांबलं, शिंक आली तरी कापड कोरडं. गौरी-गणपतीच्या आधी ती गिरणीत पुन्हा उभी राहिली. त्या आनंदात तिनं चंद्रकलाला फोन लावला.

"मी पण बसवून घेतली. जाळी."

"अक्का, तुला होतं ते? आणि मला बोलली नाहीस? कुठं केलं? मला विचारायचं तरी. मी आले असते."

"सगळं तुला विचारूनच करायचं का?" कोकिळा म्हणाली. चंद्रकलाच्या आवाजात काळजी होती, पण तिला त्यात वेगळंच ऐकू आलं. हिला वाटत होतं ही वस्तू हिच्याच एकटीकडे आहे, आता माझ्याकडेही आली तर बघ कसं झालं. फोन ठेवल्यावर कोकिळा दिवसभर खुशीत होती. किती वर्षांनी तिला बहिणीच्या बरोबरीला आल्यासारखं वाटलं होतं.

दिवाळीच्या आसपास कापडावर पिवळसर डाग पडू लागले. मग कधी कधी रक्ताचा ठिपका. बसताना उजव्या बाजूला आत सुई घुसल्यासारखं व्हायचं आणि तीच कळ मांडीत उतरायची. गिरधरच्या मोटारसायकलवर मागे बसणं तिनं बंद केलं. बाजारात पायी जाऊ लागली. एकदा जवळ आल्यावर गिरधर दचकून बाजूला झाला.

"काहीतरी टोचलं," तो म्हणाला.

कोकिळानं लाजेनं तोंड फिरवून घेतलं. गिरधरनं त्यानंतर काही विचारलं नाही. पण तो बाहेरच्या खोलीत झोपू लागला. आपल्यामुळे तिला त्रास होतो असं त्याला वाटत होतं. तिला वाटलं, त्याला आपली किळस आली. प्रेमराज आणि चंद्रकला रोज संध्याकाळी मेहरूण तलावावर बरोबर फिरायला जातात, हे तिला आठवत राहायचं.

खाजगी दवाखान्यात ती तीनदा गेली. सर्जन एकदा भेटला, दोनदा नाही. "थोडं इन्फेक्शन आहे," म्हणून गोळ्या आणि मलम दिलं. गोळ्या संपल्या की डाग पुन्हा सुरू.

मग तिनं एक वेगळंच सुरू केलं. ती चंद्रकलाला फोन करायची आणि इकडचं तिकडचं बोलून झालं की सहज विचारल्यासारखं विचारायची, "तुला त्याचा काही त्रास नाही ना? टोचत वगैरे नाही ना?"

"छे गं. काहीच नाही."

"कधीच नाही?"

"नाही अक्का. का गं, तुला होतंय का?"

"मला कुठं काय."

दर वेळी फोन ठेवल्यावर ती तेच घोळवत बसायची. तीच वस्तू, तेच मांस, एकाच आईचं. मग तिच्यात ती मुकाट बसली आणि माझ्यातच का चावतेय? एकदा शुक्रवारी ती पांझरा नदीच्या काठी एकवीरा देवीच्या दर्शनाला गेली. हात जोडून उभी राहिली आणि देवीकडे पाहताना तिच्या मनात जे आलं ते आपलं बरं व्हावं असं नव्हतं. तिच्या मनात आलं, आपल्या धाकट्या कलाला एकदा, एकदाच असं होऊ दे. ते कळताच ती घाबरली. नारळ न फोडताच ती घरी परत आली.

माघात प्रेमराजच्या नात्यातलं लग्न धुळ्याला होतं. चंद्रकला आदल्या दिवशीच कोकिळाकडे उतरली. लग्नाच्या मंडपात सगळ्या बायका खुर्च्यांवर बसल्या होत्या आणि कोकिळा खांबाला टेकून उभी होती. जेवलीही उभ्यानंच. घरी आल्यावर पलंगाच्या कडेला एका मांडीवर कलून बसली, आणि चंद्रकलाला कळून चुकलं.

"अक्का, तुला कधीपासून होतंय?"

"काय होतंय?"

"मी आंधळी नाही. तुझ्या मोरीत कापडं पाहिली मी सकाळी."

"दुसऱ्याच्या मोरीत कशाला बघायचं?" कोकिळा उठली आणि गिरणीत गेली. एक डबा उगाच उघडून पाहिला, झाकण लावलं. चंद्रकला तिच्या मागोमाग आली.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं."

"मग? काय म्हणाले ते? माझ्याशी बोल ना. मी पण तेच करून घेतलंय, मला समजेल."

तेवढ्यावर कोकिळाचा बांध फुटला. लग्नानंतर दोघी शहरात राहिल्या, शहरासारखं बोलायला शिकल्या. पण रागात तिच्या तोंडी माहेरची बोली आली. "तुले काहीच कसं व्हयनं नही?" ती म्हणाली. "काहीच कसं नही? मला बसता येत नाही, झोपता येत नाही, नवरा बाहेर झोपतो. आणि तू झोके घेतेस. आपण एका पोटच्या ना? मग तुला का नाही?"

चंद्रकला तिच्याकडे पाहत राहिली. "मला पण झालं असतं तर तुला बरं वाटलं असतं?"

"हो," कोकिळा म्हणाली.

गिरणीत पीठ चढलेल्या भिंतींमध्ये दोघी तशाच उभ्या होत्या. मग चंद्रकला आत निघून गेली. ती पिशवी भरायला गेली असं कोकिळाला वाटलं. आता ही जळगावला जाईल आणि पुन्हा फोन करणार नाही, हे तिनं मनाशी मान्यही केलं. चंद्रकला बाहेर आली तेव्हा तिच्या पायात चपला होत्या आणि हातात कोकिळाची दवाखान्याची पिशवी.

"चल," ती म्हणाली. "त्या सरकारी डॉक्टरबाईंकडे जाऊ. भावजी बोलले मला, पहिल्यांदा तू त्यांच्याकडे गेली होतीस म्हणून."

"लग्नाची संध्याकाळ आहे. तुझे सासरचे काय म्हणतील?"

"म्हणू दे."

डॉक्टरबाईंनी कोकिळाला ओळखलं. तपासायला त्यांना फार वेळ लागला नाही, पण तेवढ्यातही कोकिळानं ओठ दातांखाली धरून ठेवला होता. "जाळीची कड मांसातून बाहेर आलीय," त्या म्हणाल्या. "तीच टोचते. एका बाजूला ती आवळलीही गेलीय, म्हणून मांडीत कळ जाते."

"तुम्ही सांगितलं होतं," कोकिळा म्हणाली.

"हो. ते आता राहू द्या."

"हिला नाही झालं." तिनं चंद्रकलाकडे बोट केलं.

डॉक्टरबाईंनी चंद्रकलाला चार प्रश्न विचारले. तिची जाळी पोटातून बसवलेली होती, त्याआधी तिची सगळी तपासणी झाली होती आणि तिला साखर नव्हती. "यांची वाट वेगळी, तुमची वेगळी," त्या कोकिळाला म्हणाल्या. "पोटातून बसवलेलीही कोणाकोणाला त्रास देते, पण कमी. खालून बसवलेलीही कित्येकींना काही करत नाही. तुमची साखर आणि मिश्री यांनी भर घातली असेल. पण तुम्हालाच का, असं विचाराल तर मला पूर्ण सांगता येणार नाही."

कोकिळाला कोणीतरी दोषी हवं होतं, आणि चंद्रकला निदान समोर बसलेली होती. तिनं बहिणीकडे पाहिलं. चंद्रकला पदरानं डोळे पुसत होती. त्याचाही कोकिळाला राग आला. रडायचा हक्क आपला होता.

गिरधर खाजगी दवाखान्यात जाऊन भांडून आला. तिथं त्याला कोकिळाची सही दाखवली आणि असं कधी कधी होतं म्हणून सांगितलं. तो घरी येऊन नुसता बसून राहिला. त्या दिवशी कोकिळानं त्याला सगळं सांगितलं, टोचण्याचंही. "मला वाटलं तुला किळस आली," ती म्हणाली. "मला वाटलं माझ्यामुळे तुला त्रास होतो," तो म्हणाला. त्या रात्रीपासून त्याची गादी परत आत आली.

होळीनंतर डॉक्टरबाईंनी नाशिकहून यातल्या जाणकार सर्जन बाईंना बोलावून घेतलं. जाळीचा बाहेर आलेला आणि आवळलेला भाग त्यांनी काढला. सगळी काढली नाही. उरलेली मूत्राशयाला चिकटून बसली होती, ती ओढली तर तिथं भोक पडलं असतं. तेवढी आता जन्मभर आतच राहणार होती.

चंद्रकला दवाखान्यात राहिली. भांडं देणं, कापडं बदलणं, अंग पुसणं, सगळं तिनं केलं. ती पलंगाखालचं भांडं काढायला उकिडवी बसायची आणि हात न टेकता उठायची, आणि कोकिळा ते उठणं पाहायची. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "बहीण असावी तर अशी." आईच्या वेळी गाव म्हणालं होतं तसंच. कोकिळानं डोळे मिटून घेतले. मनात नेहमीची ठिणगी पडली, पण ती पेटवत बसायला अंगात ताकद नव्हती.

"कला," ती जरा वेळानं म्हणाली, "तुला पाच-सहा वर्षं होतं ते, असं डॉक्टरबाईंना म्हणालीस ना? मला का नाही सांगितलं?"

"तू मला सांगितलंस?"

"मी मोठी आहे."

"म्हणूनच नाही सांगितलं. तू धडधाकट, डबे उचलतेस, गिरणी चालवतेस. मला वाटायचं, अक्काला असलं काही होत नाही. मी मात्र घरात नोकरचाकर असूनही खचलेली. तुला सांगायची लाज वाटायची."

कोकिळाला हे खरं वाटलं की नाही, तिचं तिला ठरवता आलं नाही. आपला कोणी हेवा केला असेल याची तिला सवय नव्हती. तिनं पाणी मागितलं, आणि चंद्रकलानं तिला चमच्यानं पाणी पाजलं.

रक्त थांबलं. टोचणं गेलं. मांडीतली कळ मात्र थंडीत आणि जास्त उभं राहिल्यावर येते, ती येतच राहील असं डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलंय. आधार कमी झाल्यामुळे अंग थोडं पुन्हा खाली आलं. त्यासाठी शेवटी रबराची रिंगच बसवली. ती स्वतः काढून धुऊन परत बसवायला कोकिळा शिकली. मिश्री सुटली, मोठ्या कष्टानं. डबे आता ती उचलत नाही. गिऱ्हाईक स्वतःच दाणे ओततं. अंगाची तक्रार कोणा बाईनं हळूच काढली तर ती गिरणी बंद करते आणि विचारते, काय बसवणार आहेत, कुठून बसवणार आहेत, नाही बसवलं तर काय आणि त्रास झाला तर काढणार कोण, हे सगळं विचारलंस का? पुष्कळ जणी लाजून निघून जातात. काही थांबतात.

थंडीत चंद्रकला आणि प्रेमराज द्वारकेला गेले. गाडीतून तिचा फोन आला. मागे प्रवासी मंडळींचा गलका ऐकू येत होता.

"अक्का, तू पण आली असतीस तर किती बरं झालं असतं."

"एवढ्या लांब बसवत नाही मला," कोकिळा म्हणाली.

"समुद्र बघून फोन करते."

"कर."

फोन ठेवल्यावर तिच्या छातीत ते ओळखीचं टोचलं. तिला त्याचं नवल वाटलं नाही. कला मजेत आहे, आणि कलाचं मजेत असणं आपल्याला अजूनही टोचतं; पण आता कलाला काही व्हावं असं मात्र वाटत नाही, हे तिनं स्वतःशी तपासून पाहिलं आणि तेवढ्यावर ती थांबली. दाराशी कळण्याचा डबा घेऊन शेजारीण उभी होती.

"ओत बाई तूच," कोकिळा म्हणाली आणि गिरणीचं बटण दाबलं.